गाठ हाताला लागली, तिथून सुईपर्यंत

आमच्या गावात आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म भरून घेतात. तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, असे प्रश्न त्यात असतात. बायकांसाठी आणखी काही असतात: स्तनात गाठ लागते का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित पाणी येतं का, आकारात फरक पडलाय का. आशाताई हे प्रश्न ओट्यावर, हळू आवाजात विचारतात आणि बहुतेक बायका प्रश्न पुरा व्हायच्या आत "नाही" म्हणून मोकळ्या होतात. मीही नाहीच म्हणाले, कारण मला खरंच काही लागलेलं नव्हतं. पण आशाताईंनी तेवढ्यावर फॉर्म मिटला नाही. "बाई, उपकेंद्रात सीएचओ मॅडम हातानं तपासत्यात. शनिवारी सकाळची शाळा असती, सुटल्यावर या. पाळी होऊन गेल्यावर या, म्हंजी दुखणार नाही." सीएचओ म्हणजे उपकेंद्र सांभाळणाऱ्या आरोग्य अधिकारी.

मी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तेव्हा माझं वय 46 होतं. माहेरी किंवा आजोळी कुणाला कॅन्सर झालेला नाही. दोन लेकरं, दोघांनाही अंगावर पाजलेलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जो भेटला त्यानं मला हेच ऐकवलं की तुमच्या घराण्यात नाही, तुम्ही मुलांना पाजलंय, तुम्हाला कसा होईल. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांतल्या जेमतेम पाच ते दहा जणींचा आजार आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या दोषामुळे असतो. बाकीच्यांतल्या बहुतेकींच्या घराण्यात तो कुणालाच झालेला नसतो.

शनिवारी गेले. उपकेंद्रावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी आहे. आत पडदा लावलेली एक खोली, तपासणीचा टेबल, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. मॅडम पंचविशी-तिशीच्या, आयुर्वेदाची पदवी झालेल्या. आधी त्यांनी मला समोर बसवून नुसतं बघितलं. हात खाली, मग हात डोक्यावर, मग कमरेवर दाबून. कातडीला कुठं खळी पडते का, स्तनाग्र आत ओढलं गेलंय का, ते त्या पाहत होत्या. मग आडवं केलं आणि डावा हात डोक्याखाली घ्यायला लावला. मधल्या तीन बोटांच्या टोकांनी नव्हे, पेरांच्या सपाट भागानं, गोल गोल फिरवत, आधी हलकं, मग मध्यम, मग फासळ्यांना लागेल इतकं दाबून त्यांनी सगळा भाग पालथा घातला. काख तपासली, गळ्याच्या हाडाच्या वर तपासलं. घाई अजिबात नव्हती. डाव्या बाजूला वर, काखेकडच्या कोपऱ्यात त्यांची बोटं थांबली, पुढे गेली आणि परत तिथंच आली.

"बाई, तुमचं बोट द्या इकडं."

त्यांनी माझं बोट तिथं टेकवून दाबलं. आत खोल, चिंचोक्याएवढं काहीतरी कडक लागलं. हात खाली घेतला की लागत नव्हतं. बाजूला ढकललं तर सुटं सरकत नव्हतं, भोवतालच्या मांसाला धरून होतं.

"दुखतं?"

"नाही."

"दुखत नाही म्हणूनच दाखवायचं. दुखत असतं तर तुम्ही स्वतःहून आला असता."

मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि लिहिता लिहिता जे सांगितलं ते माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं. गाठीची तपासणी तीन गोष्टींनी पुरी होते, हात, फोटो आणि सुई. हातानं तपासणं आज झालं. फोटो म्हणजे मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. सुई म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिन्हींचं उत्तर जुळलं पाहिजे. "मधेच कुणी काही नाही म्हणालं, तरी फाइल बंद करायची नाही," असं त्या म्हणाल्या. मी ते वाक्य चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

ते वाक्य किती उपयोगी पडणार आहे हे लगेच कळलं. तालुक्याच्या गावी घरच्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी चिठ्ठी वाचली, दुखतं का विचारलं, नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग घाबरायचं कारण नाही. या वयात हार्मोनमुळं गाठी येतात जातात. व्हिटॅमिनच्या गोळ्या देतो, तीन महिन्यांनी दाखवा." हात लावून तपासलं नाही. त्यांचा अंदाज बहुतेक बायकांच्या बाबतीत खराही ठरला असता, कारण स्तनातल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. कुणाची फायब्रोॲडिनोमा असते, कुणाच्या गाठीत नुसतं पाणी असतं, कुणाच्या ग्रंथी पाळीच्या आधी फुगतात. पण ही गाठ त्या बहुतेकांतली आहे की उरलेल्या थोड्यांतली, हे गोळ्यांनी कसं ठरणार? आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून धीर द्यायचा, ही आपल्याकडची सगळ्यांत घातक सवय आहे असं मला आता ठामपणे वाटतं.

गोळ्या घेतल्या नाहीत. आमच्या ह्यांनी त्याच आठवड्यात सोलापूरची अपॉइंटमेंट घेतली.

मॅमोग्राफीबद्दल बायकांच्या मनात फार भीती आहे, म्हणून नीट सांगते. त्या दिवशी अंगाला पावडर किंवा डिओडरंट लावायचं नाही, कारण त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. खोलीत बाई तंत्रज्ञ असते. उभं राहायचं, एकेक स्तन प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवून दाबतात, एकदा वरून खाली आणि एकदा तिरकं. दाब चांगलाच जाणवतो, मला तर डोळ्यांत पाणी आलं, पण तो काही सेकंदांचाच असतो. तो लागतोच, कारण जाड थर पसरून पातळ झाल्याशिवाय आतलं दिसत नाही आणि किरणही जास्त लागतात.

संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. धाकटे दीर सोबत होते. त्यांनी लिफाफा फोडला, शेवटची ओळ वाचली आणि तिथूनच घरी फोन लावला. "बायरॅड्स शून्य आलंय. झिरो. काही नाही म्हणा." घरी आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. थोरल्या जाऊबाईंचा फोन आला, त्या रडत होत्या आनंदानं.

मी रिपोर्ट मागून घेतला आणि सगळा वाचला. शून्याच्या पुढच्या ओळीत लिहिलं होतं की तपासणी अपुरी आहे, सोनोग्राफी करावी. वर लिहिलं होतं की स्तनाची ऊती दाट आहे. गाडीतूनच सीएचओ मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाई, हा शून्य परीक्षेतल्या गैरहजरीसारखा धरा. निकाल लागलेलाच नाही."

बायरॅड्स ही फोटोवरून कॅन्सरचा संशय किती ते सांगायची आकड्यांची पद्धत, ती प्रत्येक बाईला आणि तिच्यासोबत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत असली पाहिजे. 1 म्हणजे काहीही नाही. 2 म्हणजे दिसतंय ते नक्की साधं. 3 म्हणजे बहुधा साधं, कॅन्सरची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. 4 म्हणजे संशय आहे, सुई लावायची. त्याचेही अ, ब, क असे चढते तीन भाग. 5 म्हणजे शक्यता शंभरात पंच्याण्णवच्या वर. 6 म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे. 0 मात्र या शिडीची खालची पायरी नव्हे. फोटोवरून सांगता येत नाही, आणखी तपासा, एवढाच त्याचा अर्थ.

दाट ऊतीचंही असंच. कमी वयाच्या, पाळी चालू असलेल्या बायकांच्या स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असतात. मॅमोग्राममध्ये चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे पांढऱ्यात पांढरं लपून जातं. पन्नाशीनंतर ग्रंथी कमी होतात, मग फोटो जास्त साफ येतो. म्हणून हाताला गाठ लागत असेल आणि मॅमोग्राम कोरा असेल, तर खरी धरायची ती हाताला लागलेली गाठ.

सोनोग्राफी दुसऱ्या एका केंद्रात झाली. करणाऱ्या डॉक्टर बाई होत्या आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. गाठ काळसर दिसत होती, कडा खडबडीत, आणि आडवी पसरलेली नसून उभी. साधी गाठ सहसा ऊतीच्या थरांच्या दिशेनं आडवी वाढते, ही थर तोडून उभी वाढलेली आहे, असं त्यांनी समजावलं. लांबी 14 मिलिमीटर. काखेतल्या ग्रंथी ठीक वाटत होत्या. रिपोर्टवर बायरॅड्स 4 क. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. बायोप्सी करा, आणि ती सुईनंच करा."

ते "सुईनंच" का, ते परतीच्या वाटेवर समजलं. एका नर्सिंग होममध्ये घरच्यांनी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. तिथले सर्जन म्हणाले की एवढीशी गाठ आहे, उद्या सकाळी या, जागेवर भूल देऊन काढून टाकू, मग तपासायला पाठवू, एकाच दगडात काम. घरातल्या सगळ्यांना हे पटलं. आत्याबाईंचं म्हणणं होतं, "सुई टोचू नका. डिवचलं की चिडतं ते, अंगभर पसरतं. काढायची तर सगळी काढा." हे आमच्या भागात घरोघरी मानलं जातं. त्यामागं खरा अनुभवही आहे: उशिरा सापडलेल्या माणसाला सुई लागते, थोड्या दिवसांनी तो जातो, आणि दोष सुईवर येतो.

मी सीएचओ मॅडमना पुन्हा फोन केला आणि त्यांनी त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांशी माझं बोलणं करून दिलं. सुईच्या तपासणीनं कॅन्सर पसरतो याला आधार नाही. उलट आधी काय आहे ते न कळता गाठ कापून काढली, तर भोवती किती भाग घ्यायचा याचा हिशोब चुकतो, कडेला पेशी राहू शकतात, आणि मग दुसरं मोठं ऑपरेशन करावं लागतं. काखेतली तपासणीही त्या गडबडीत राहून जाते. आधी सुईनं कळलं, तर एकाच ऑपरेशनमध्ये सगळं नीट आखून करता येतं. आत्याबाईंना मी जवळ बसवून हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तू शिकलेली हाईस. तुझ्या जिवाचं तू बघ. मी संगं येते." आणि त्या खरंच आल्या, बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसल्या.

बायोप्सीत टोचून जागा बधिर करतात. मग सोनोग्राफीत बघत जाड सुई आत घालतात आणि स्टेपलर मारल्यासारखा खट्ट आवाज होतो. डॉक्टर आवाज आधी ऐकवून ठेवतात, म्हणजे दचकून हलायला नको. प्रत्येक खट्टला शेवयीसारखा एक बारीक तुकडा निघतो. असे चार-पाच तुकडे फॉर्मलीनच्या बाटलीत जातात. दाबून पट्टी, दोन दिवस काळंनिळं, एवढंच.

पहिला रिपोर्ट आठवड्याभरानं आला: इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड 2. म्हणजे दूधनळीत सुरू होऊन भोवती शिरलेला कॅन्सर. तो शब्द मी शाळेत, मधल्या सुट्टीत, फोनवर वाचला. वर्गात पोरं डबे खात होती. मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि मनात एकच हिशोब चालू होता, धाकटा अजून दहावीलाही नाही. त्या संध्याकाळबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही.

पुढचा रिपोर्ट यायला आणखी काही दिवस जातात, आणि तो आल्याशिवाय उपचार ठरत नाहीत. त्याला आयएचसी म्हणतात. पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे ग्राहक आहेत का आणि हर-टू नावाचं प्रथिन वाढलेलं आहे का, ते त्यात कळतं. माझे हार्मोनचे दोन्ही ग्राहक होते, हर-टू नव्हतं. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, काख तपासणीत मोकळी. म्हणजे आजाराची पहिली पायरी, स्टेज 1.

मुंबईला टाटाला, म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सरच्या रुग्णालयात जायचं ठरलं. आमच्या भागातून लातूर एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी दादर. त्या गाडीत टाटाच्या फाइली घेतलेली माणसं हमखास भेटतात. त्यांच्याकडूनच कळलं की सोबत नुसते कागद नेऊन भागत नाही, बायोप्सीचे मेणातले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड प्रयोगशाळेकडून मागून न्यायच्या, कारण मोठ्या रुग्णालयात तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा वाचतात. ब्लॉक तुमच्याच शरीराचा भाग आहे, तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सही करून घ्या आणि गरम जागी ठेवू नका. राहायची सोय दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत झाली. तिथल्या स्वच्छतेनं आणि शिस्तीनं मला फार आधार दिला.

परळच्या त्या रुग्णालयाची सुरुवात 1941 ची. पहिल्या दिवशी त्या दालनात बसल्यावर मी हबकले ती गर्दी बघून. एका मोठ्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना स्तनाच्या कॅन्सरचं नवं निदान झालं आणि सुमारे 98 हजार बायका त्यानं गेल्या. आकडा वाचणं निराळं आणि त्यातल्या बायकांच्या शेजारी बाकावर बसणं निराळं.

माझ्या शेजारी बीडकडची एक बाई होती, माझ्याहून लहान. पदर घट्ट लपेटलेला, आणि तरी वास येत होता. गाठ फुटून जखम झालेली. तिला गाठ कळली ती दसऱ्याच्या आसपास. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती. नवराबायकोची जोडी कारखान्यावर गेली नाही तर उचल परत करायची कुठून? मग ऊसतोडीला गेली, पाच-सहा महिने कोयता चालवला, चैतात परत आली तोवर गाठ मुठीएवढी झालेली. "दुखत न्हवतं ओ बाई. दुखत असतं तर सांगितलं असतं." ती अडाणी नव्हती, लाजलीही नव्हती. तिच्या हातात ते महिने नव्हतेच. आपण जागरूकता जागरूकता म्हणतो, पण तिला जागरूकतेनं काय दिलं असतं? तिला हवी होती ती फडावर येऊन तपासणारी एखादी नर्स, आणि तपासायला गेल्याचा खाडा न पकडणारा मुकादम. मला वेळेत सगळं मिळालं, कारण मला पगारी रजा होती, रिपोर्ट वाचता येत होता आणि फोन उचलणाऱ्या मॅडम होत्या. तिला बघितल्यापासून माझ्या नशिबाबद्दल बोलताना मी जपून बोलते.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात देशांपुढे जी उद्दिष्टं ठेवली, त्यांत बाईनं पहिल्यांदा दाखवल्यापासून निदान 60 दिवसांत पूर्ण व्हावं आणि किमान 60 टक्के रुग्णांचा आजार पहिल्या दोन टप्प्यांत सापडावा असं म्हटलंय. आणि आपल्याकडे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत एकीचीही स्तनाची तपासणी झालेली आढळली नाही. देशाचा आकडा 0.9 टक्के होता.

तरी हातानं तपासून काय होणार, असं कुणी म्हणालं तर मी त्यांना मुंबईचा अभ्यास सांगते. टाटाच्या डॉक्टरांनी 1998 साली मुंबईतल्या वस्त्यांत तो सुरू केला. 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत, यंत्र कुठलंही नाही. वीस वर्षांचा हिशोब 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासलेल्या वस्त्यांत आजार कमी वाढलेल्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंतला फरक ठोस म्हणावा इतका नव्हता, हेही त्यांनी तसंच मांडलंय. उपकेंद्रातल्या त्या मॅडमची बोटं ज्या पद्धतीनं फिरली, तिच्यामागं इतकं काम आहे.

उपचार मी थोडक्यात सांगते. स्तन पूर्ण काढावा लागेल हे आम्ही धरूनच चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढू, नंतर रेडिएशन देऊ. इटली आणि अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत वीस वर्षं रुग्णांचा मागोवा घेतला, त्यात असं ऑपरेशन झालेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या, ते निष्कर्ष 2002 मध्ये आले. आमचे हे दोनदा विचारत राहिले, "पण सगळं काढलं तर जास्त सुरक्षित ना?" डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेवढ्याच शांतपणे नाही म्हणून सांगितलं. पेट स्कॅन, म्हणजे सगळ्या अंगाचा फोटो, का नाही करत, हाही नातेवाइकांचा लाडका प्रश्न. इतक्या सुरुवातीच्या आजारात, बाकी काही त्रास नसेल तर, तो लागत नाही.

ऑपरेशनच्या वेळी स्तनात निळा रंग टोचतात. तो काखेतल्या ज्या ग्रंथींत पहिल्यांदा पोचतो, त्या काढून तपासतात. त्या साफ असल्या तर बाकीची काख खरवडत नाहीत आणि हात सुजण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. माझ्या साफ निघाल्या. नर्सनं आधी सांगितलं नसतं तर दुसऱ्या दिवशी हिरवी-निळी लघवी बघून मी ओरडलेच असते. कातडीवरचा निळा डाग कितीतरी आठवडे राहिला. हात लगेच हलवायचा असतो. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर वर चढत जायचं, मी फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात नेण्याचं ध्येय ठेवलं होतं.

केमो लागली नाही, डॉक्टरांच्या बैठकीत तसं ठरलं. रेडिएशन हल्ली साधारण 15 बैठकांत होतं, पन्नाशीच्या आतल्या बायकांना गाठीच्या जागी वर थोडं जास्तीचं देतात. डावी बाजू असल्यामुळे हृदय जपायला श्वास भरून धरायला शिकवतात: छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. मी धर्मशाळेत झोपायच्या आधी त्याचा सराव करायची. आता रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी आहे, निदान पाच वर्षं. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येतो. पाळीत वेगळा रक्तस्राव झाला तर लगेच दाखवायला सांगितलंय, कारण या गोळीचा परिणाम गर्भाशयाच्या अस्तरावर होऊ शकतो. ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होण्याआधी करावी, नंतर नव्हे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार तीत बसतात, रुग्णालय मात्र योजनेतलं हवं.

परत आल्यावर शाळेतल्या आणि भावकीतल्या बायका विचारायला लागल्या की घरी आरशासमोर कसं तपासायचं ते शिकवा. मी शिकवते, पण त्यासोबत हेही सांगते की दर महिन्याला ठरावीक पद्धतीनं स्वतःच तपासत राहिल्यानं मृत्यू कमी होतात असं दिसलेलं नाही. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांवर कामगार बायकांवर हे पाहिलं गेलं, 2002 मध्ये निष्कर्ष आला, फरक पडला नव्हता, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी वाढल्या. म्हणून आपलं अंग एरवी कसं लागतं याची ओळख ठेवा, नवीन काही लागलं तर दाखवा, पण स्वतःला काही लागलं नाही म्हणून नर्सची तपासणी टाळू नका. मला तरी कुठं लागलं होतं?

थोरल्या जाऊबाईंना मी स्वतः घेऊन गेले. त्यांच्या उजव्या बाजूला गाठ निघाली, सोनोग्राफी झाली, सुई झाली, साधी फायब्रोॲडिनोमा. तिन्ही उत्तरं जुळली तेव्हाच आम्ही फाइल बंद केली.

आता आमच्या तालुक्याला एक गोष्ट हवी आहे, आणि शिक्षक संघटनेच्या बायकांनी मिळून तसं निवेदन तयार केलं आहे. सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक वार असा ठरावा, की त्या दिवशी स्तनाची सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी एकाच जागी होईल आणि तुकडे जिल्ह्याला तपासायला जातील. मॅमोग्राफीचं यंत्र येईल तेव्हा येवो. सोनोग्राफी मशीन आजही तिथं आहे, पण ते गरोदर बायकांच्या तपासणीतच दिवसभर गुंतलेलं असतं. दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीच्या जोड्या गाव सोडायच्या आत, उपकेंद्रात तपासणीचा आठवडा घ्यावा असंही त्यात लिहिलंय, आणि ज्यांना पुढं पाठवावं लागेल त्यांचा निकाल जोडी निघायच्या आत हातात पडावा. सीएचओ मॅडम आणि आशाताई यादी करायला बसल्या आहेत. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मीही त्यांना जाऊन मिळणार आहे.